दिवस बुडायच्या आत

"मुंबई लावून दे मले, बाई," असं म्हणत सत्यभामाबाई थेट माझ्या बोर्डापाशी आल्या. दारावर 'आत येण्यास मनाई आहे' अशी पाटी होती. ती त्यांनी वाचली नाही आणि मीही वाचून दाखवली नाही. मोहटोल्याच्या पोस्टमनच्या, जागेश्वरच्या सायकलवर मागे बसून ही पन्नाशीची बाई सहा मैल आली होती. लुगड्यावर धूळ, कपाळावर कुंकू, हातात एक पत्र.

"कोणाला लावायचं, मावशी?"

"माह्या पोरीले. चंद्रकलाले. तिचा बाप गेला पहाटे. मयत घरी ठेवून आली मी. दिवस बुडाच्या आत तिले आणून दे."

आता आणून दे म्हणाल्या, लावून दे नाही. अहो, मी टेलिफोन ऑपरेटर होते, एस.टी.ची गाडी नव्हते. तरी मी पत्र हातात घेतलं, कारण जागेश्वर मागून खाली मान घालून म्हणाला, "पोरगी जहाजावर नर्स आहे, धुरपताबाई. एकुलती एक आहे."

पत्रात लिहिलं होतं, मंगळवारी सकाळी आठला आमचं जहाज मुंबईच्या गोदीला लागेल, मग आठ दिवसांनी सुट्टी मिळेल, बाबांना औषध वेळेवर द्या. खाली जहाजाच्या एजंटाचा नंबर होता. त्या दिवशी मंगळवारच होता. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

हे ब्याऐंशी सालचं, डिसेंबरातलं. धानाची मळणी चालली होती आणि साडेपाचला दिवस मावळत होता. मी सत्तावीस वर्षांची, नोकरी कच्ची. जानेवारीत कायम होणार होते. आमचं एक्सचेंज हमरस्त्यावर, साकोलीच्या अलीकडे. गावात साठ फोन, आणि बाहेरच्या जगात जायला भंडाऱ्याची एकच लाइन. भंडारा नागपूर लावून देई, नागपूर मुंबई लावून देई. समुद्र मी कधी पाहिला नव्हता. विमान पाहिलं होतं ते खालून, मान वर करून.

पण माझ्याकडे आवाज होते. आम्हा ऑपरेटरांची ही रीतच. एकमेकींची तोंडं कधी पाहायची नाहीत, नावं सांगायची मनाई, म्हणून नंबरावरून ओळख. नागपूरची एकोणीस हसरी, तिला मुलगा झाला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं होतं. मुंबईची बेचाळीस वयानं मोठी, सारखी खोकायची, आणि लाइन खराब असली की शिव्या द्यायची. चार वर्षं आम्ही रोज बोलत होतो.

"बेचाळीस, एक काम आहे," मी म्हटलं. "तिकीट फाडत नाहीये." म्हणजे कॉलच्या नोंदीची चिठ्ठी नाही, बिलही नाही.

"बोल."

मी बोलले. तिनं पलीकडे एकदा खोकून घेतलं. "म्हणजे जहाजावरून उतरवायची, विमानतळावर पोचवायची, विमानात बसवायची. दीडचं नागपूरचं विमान आहे. काउंटर एकला बंद होतो. एवढंच ना?"

"एवढंच."

"तू काय मला देवी समजतेस का गं?" असं म्हणत तिनं एजंटाचा नंबर फिरवलासुद्धा.

एजंटाच्या कचेरीतला माणूस हिंदीत बोलत होता, आणि फार शांतपणे बोलत होता. अशा शांतपणाचा मला राग येतो. राग मला तसाही लवकर येतो, लहानपणापासूनच. त्याचं म्हणणं असं की आधी सगळे प्रवासी उतरणार, मग कस्टम, मग कर्मचारी. नर्सला उतरायला संध्याकाळचे चार वाजतील. आधी सोडायचं तर मृत्यूची तार पाहिजे, आणि तारेत डॉक्टरचा दाखला पाहिल्याची नोंद पाहिजे. फोनवरून सांगितलेली तार चालेल. नोंद मात्र पाहिजेच.

आमचा सरकारी डॉक्टर मंगळवारी दुसऱ्या गावच्या बाजारात रोगी तपासायला बसायचा. तो दुपारी तीनला येणार.

मी हे सत्यभामाबाईंना सांगत होते, तेवढ्यात एक तरुण माणूस दारात आला. त्यानं राजदूत मोटारसायकल बाहेर लावली होती. हा भोजराज, मयताचा, म्हणजे केशवरावांचा पुतण्या.

"काकू, काय लावलं हे? घरी सारे लोक थांबून राहिले ना. मयत टाकून कोनी फोन करते काय?"

"चंद्रकला येते."

"कुठून येते? समुद्रातून? अन् येऊन करते काय? अग्नी त मीच देईन. पोरगीच तर आहे थे, तिच्यासाठी कायले ताटकळायचं?"

"तुह्या काकानं मले सांगतलं होतं," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "अग्नी पोरगी देईन म्हणत. दवाखान्याचा खर्च तिनं केला, रातभर उशाशी तीच बसली, तवा कोनी म्हणलं नाही पोरगीच आहे म्हणून."

"बाराच्या ठोक्याले उचलतो आमी," भोजराज म्हणाला, आणि गेला.

पोरगीच तर आहे. हे वाक्य मी ओळखत होते. माझे बाबा गेले तेव्हा मी गोंदियाला ड्यूटीवर होते. चार तासांचा रस्ता. माझ्या चुलत्यानं मला कळवलंच नाही. मी फोनवर काम करणारी बाई, आणि माझ्यासाठी कुणाला फोन सापडला नाही. पोचले तेव्हा राख निवली होती. मी रडले नाही, कारण मला राग आला होता, आणि तो राग नऊ वर्षं कुठं ठेवावा ते मला सापडलं नव्हतं. त्या दिवशी सापडलं.

तारेचा फॉर्म माझ्या टेबलावरच असायचा. मी ओढला आणि लिहिला. केशवराव मोहटोला आज पहाटे मृत, मुलीस त्वरित पाठवा, डॉक्टरांचा दाखला पाहिला. खाली नंबर टाकला, वेळ टाकली. मग मुंबईला शब्दन्‌ शब्द वाचून दाखवला.

बेचाळीसनं लिहून घेतलं. शेवटच्या वाक्यावर ती थांबली. "दाखला पाहिलास?"

"मयताची बायको माझ्यासमोर बसली आहे. तिला पाहिलं."

"बरं," ती म्हणाली. "मी काही विचारलंच नाही." आणि तीच तार तिनं एजंटाला फोनवर सांगितली.

सत्यभामाबाई उठल्या. "मी जातो घरी. बारा वाजले त थे उचलतीन. तू तिले आन, मी त्याईले थांबवतो." आणि पुन्हा जागेश्वरच्या सायकलवर बसून निघून गेल्या. माझं काम मोठं की त्यांचं, ते मला आजही ठरवता येत नाही.

दहाला आमचे सुपरवायझर ताराचंदबाबू आले. त्यांच्यामागे गिरणीवाला शेठ. त्याचा रायपूरचा कॉल दीड तास अडकला होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"लाइन कोणाकडे आहे?" ताराचंदबाबूंनी विचारलं.

"मुंबईकडे."

"तिकीट?"

"फाडलं नाही."

ते जवळ आले, हळू बोलले. "धुरपताबाई, जानेवारी आली. कॉर्ड काढा."

"मी नाही काढत. तुम्ही काढा, साहेब. काढलीत तर मी परत लावीन."

त्यांनी खरंच कॉर्डला, बोर्डात खोचलेल्या त्या लाइन जोडणाऱ्या वायरीला, हात घातला. माझ्या कानात तेव्हा बेचाळीस बोलत होती, आणि तिचा आवाज मोठा, बाहेर ऐकू यायचा. ती म्हणत होती, "पोरगी उतरली गं जहाजावरून. कपडेसुद्धा बदलले नाहीत. रडत नाहीये, नुसती विचारतेय, आई कशी आहे." ताराचंदबाबूंनी हात मागे घेतला. बाहेर जाऊन त्यांनी शेठला सांगितलं, लाइन खराब आहे. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते दोनदा सांगावं लागलं.

पुढचं सगळं बेचाळीसनं केलं. तिच्या एक्सचेंजखाली उभ्या राहणाऱ्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याला तिनं गोदीवर पिटाळलं होतं. विमानाचं तिकीट एजंटाकडून काढून घेतलं. पण विमान भरलेलं होतं. एका साहेबाची जागा राखून ठेवलेली आणि साहेबाचा पत्ता नाही. बेचाळीसनं विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलीला फोनवर धरलं आणि सोडलंच नाही. मी मधून मधून ऐकत होते.

"हे बघ बाळ, पांढऱ्या कपड्यातली नर्स येतेय. सामान नाही, वजन करायचं नाही, काही नाही. त्या जागेवर तिचं नाव लिही."

मुलगी म्हणत होती, साहेब आले तर माझी नोकरी जाईल.

"साहेबाचा बाप मेलाय का? नाही ना? मग त्याला उद्या जाऊ दे."

एकला पाच मिनिटं कमी असताना चंद्रकला काउंटरवर पोचली. साहेब त्यानंतर दहा मिनिटांनी आले म्हणे, आणि फार ओरडले. ओरडू देत. दीड वाजता बेचाळीस म्हणाली, "उडालं." मग बराच वेळ खोकत राहिली.

मी एकोणीसला धरलं. विमानतळावरच्या टॅक्सीवाल्यांचा नंबर तिला पाठ होता. तिनं त्यातला एक सरदारजी ठरवला. त्याला सांगितलं, भंडाऱ्याला चहाला थांबायचं नाही, वैनगंगेच्या पुलावर बैलगाड्या असतील तर हॉर्न वाजवत राहायचं. पावणेतीनला विमान उतरलं, तीनला गाडी निघाली. त्यापुढे माझ्या हातात काही नव्हतं. रस्त्याला कॉर्ड नसते.

मग मी गिरणीवाल्याला रायपूर लावून दिलं. बँकेला भंडारा दिलं. लोक चिडलेले होते, मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. चारच्या सुमारास घड्याळाकडे लक्ष गेलं. बारा तर केव्हाच वाजून गेले होते. मोहटोल्यात फोन नाही. तिकडे काय झालं असेल, उचललं असेल का, पोरगी एवढी जहाजावरून, विमानातून, टॅक्सीतून येऊन शेवटी राखेजवळ उभी राहणार का, हेच डोक्यात. मला बोर्ड सोडून दारापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं. पाच वाजून आठ मिनिटांनी हमरस्त्यावर एक गाडी जोरात हॉर्न वाजवत गेली. मी उठले नाही. खिडकीतून नुसती धूळ दिसली.

बाकीचं जागेश्वरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

सत्यभामाबाई घरी पोचल्या तेव्हा तिरडी बांधून तयार होती. पुढे न्यायचं विस्तवाचं मडकं अंगणात ठेवलेलं, भोजराज अंघोळ करून ओल्या पंच्यात उभा. आमच्याकडे अग्नी देणारा ते मडकं घेऊन पुढे चालतो, ते निघाल्याशिवाय मयत हलत नाही. बाईंनी काय करावं? त्यांनी ते मडकं उचललं आणि उंबरठ्यावर मांडीत घेऊन बसल्या. आत गोवऱ्यांचा विस्तव. बाजूनं धग लागत होती, त्या पदर दुमडून खाली घालत होत्या. बायका रडल्या, भोजराज चिडला, म्हातारे समजावून थकले. कुणी अंगावर हात टाकून हिसकावणार तरी कसं? दुपारभर विस्तव विझू लागला की जागेश्वर एक गोवरी आणून आत टाकी.

टॅक्सी आली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं. चंद्रकला त्या पांढऱ्या कपड्यांत उतरली, आधी आईजवळ गेली. आईनं मडकं तिच्या हातात दिलं. भोजराज बाजूला झाला. जागेश्वर म्हणाला, बाजूला होऊन त्यानंच तिरडीची पुढची बाजू खांद्यावर घेतली. त्याच्यावरचा माझा राग तेव्हा अर्धा उतरला. अर्धा अजून आहे.

मांडीवर भाजलेलं दोन महिने भरलं नाही म्हणतात.

गिरणीवाल्यानं वर तक्रार केली. चौकशी लागली. डॉक्टरचा दाखला बुधवारचा निघाला आणि तारेवर मंगळवार. ताराचंदबाबूंनी मला मेमो दिला: विना तिकीट लाइन पाच तास अडवून ठेवली आणि तारेत खोटी नोंद केली, खुलासा करावा. त्यांनी तो नुसता दिला नाही, समोर बसून स्वतः उत्तराचा कच्चा मसुदाही लिहून दिला. भला माणूस होता.

"एक शब्द घातला आहे," ते म्हणाले. "'अनवधानाने'. 'सदर नोंद माझ्याकडून अनवधानाने झाली.' वरचे एवढ्यावर सोडतील. जानेवारीत कायम होऊन जा, मग वाटेल ते बोला."

मी मसुदा वाचला. अक्षर सुंदर होतं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यानंही हेच सांगितलं होतं, की तुला कळवायचं चुकून राहिलं.

मी त्यांचंच पेन घेतलं. 'अनवधानाने' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'जाणूनबुजून'. खाली आणखी एक ओळ घातली: 'माणूस खरोखर मेला होता.' सही केली, तारीख टाकली.

ताराचंदबाबूंनी कागद दोनदा वाचला. "तुमाले समजते ना काय लिहून राहिले?" ते म्हणाले. कचेरीत ते कधी असं घरचं बोलत नसत.

"समजतं," मी म्हटलं.

त्यांनी कागद फायलीत लावला. कायम व्हायला मला आणखी तीन वर्षं लागली. मी लागू दिली.