आधी रिकामा काटा

चंद्रभानजींनी काट्यावरची बॅग उचलली, खाली पायाशी ठेवली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले,

"आता रिकामा काटा दाखवा."

मुलीच्या छातीवर 'अपेक्षा' अशी पाटी होती. तिने स्क्रीनकडे बोट केलं.

"सर, वजन आलंय तुमचं. आठ किलो चारशे. हातातली बॅग फक्त सात किलो चालते. वरच्याचे अठराशे भरावे लागतील."

"थे भरल्या काट्याचं झालं. मी रिकाम्याचं इचारून राह्यलो."

शकुनबाई दोन पावलं मागे उभ्या होत्या. नवऱ्याचा हा आवाज त्या छत्तीस वर्षं ऐकत आल्या होत्या, आणि हा आवाज निघाला की माणूस काही केल्या हलत नाही हेही त्यांना पाठ होतं. चंद्रभानजी अकोल्याच्या मार्केट यार्डात मापारी होते. शेतकऱ्याची तूर, दलालाचा काटा आणि मध्ये हे. पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं आणि पुढे प्रत्येक पोत्याचं वजन साऱ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं. ज्याचं नुकसान होईल त्याचं होवो. पोत्यामागे किलोभर गिळणाऱ्या एका दलालाचा काटा त्यांनी भर लिलावात बंद पाडला होता. तो दलाल सख्खा साडू होता. त्यानंतर चार वर्षं शकुनबाईंचं बहिणीकडे जाणं-येणं बंद होतं.

आता ते दलालाशी नाही, विमानाशी भांडत होते.

खरं तर त्यांचा पारा घरापासूनच चढत आला होता. जावयाने, स्वप्निलने, मोठ्या कौतुकाने फोन केला होता, बाबा, रेल्वेच्या एसीएवढ्यात विमान! आणि मग त्या स्वस्ताला एकेक पाय फुटत गेले. दोघांना शेजारी बसायचं तर सीटचे वेगळे. मोबाईलवर कसलीशी नोंद करायची राहिली म्हणून इथे कागद छापून घ्यायचे माणशी दोनशे. पाण्याची बाटली सत्तरची. ती तर शकुनबाईंच्या हातात तशीच सीलबंद होती, उघडायला जीव होत नव्हता. हे सगळं चंद्रभानजींनी दात-ओठ खाऊन दिलं होतं. पण वजन? वजनावर त्यांना कुणी फसवावं?

"म्या सकायी हातानं उचलून पाह्यली," ते म्हणाले. "सात किलो. ना कमी ना जास्त."

"अवो, देऊन टाका ना," शकुनबाई हळूच म्हणाल्या. "वीस मिन्टात काउंटर बंद होते म्हन्ते थे. उद्या पोरीचं बारसं हाय."

पोरीचं म्हणजे नातीचं. लेकीला, रागिणीला, लग्नानंतर सात वर्षांनी मूल झालं होतं, तेही बंगळुरात, आणि पाळण्यात नाव घ्यायला आजी-आजोबा हवेत म्हणून बारसं आठ दिवस लांबवलं होतं. बॅगेत डिंकाचे लाडू होते, तुरीची डाळ होती, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी होती. हे विमान चुकलं तर तिकिटाचा एक रुपया परत मिळणार नव्हता आणि दुसरं तिकीट काढायची त्यांची ऐपत नव्हती.

"पैशाचं नाही वं," चंद्रभानजी मागे न बघता म्हणाले. "जे वजन नाहीच, त्याचे कसे देऊ?"

अपेक्षाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. रिकामा काटा शून्य दाखवत होता.

"बरं. शिक्का कुठं हाय? वजनमाप खात्याचा? दरसाल मारावा लागते थो."

अपेक्षाने काट्याच्या कडेला, खाली, मागे बघितलं. तिला शिक्का सापडला नाही. तिने साहेबाला बोलावलं. साहेब तरुण होता, गळ्यात पट्टा होता आणि घाईत होता.

"काय प्रॉब्लेम आहे?"

"प्रॉब्लेम काट्यात हाय. आत्ता समजते." चंद्रभानजींनी शकुनबाईंच्या हातातून पाण्याची बाटली घेतली. "लिटरभर पानी, म्हंजे किलो. बाटलीचे वीस-पंचीस ग्रॅम. ठेवून राह्यलो."

रांगेतला कुणी तरी म्हणाला, "बघू द्या, बघू द्या. मागच्या खेपेला माझ्याकडूनही घेतलेत यांनी." दोघे-तिघे पुढे सरकले. चंद्रभानजींचा चेहरा खुलला. शेडमध्ये शेतकरी असेच गोळा होत.

त्यांनी बाटली काट्यावर ठेवली. आकडा हलला आणि थांबला. एक किलो, वीस ग्रॅम.

काटा बरोबर होता.

चंद्रभानजी त्या आकड्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी बॅग उजव्या हातात घेतली, जरा तोलली, डाव्यात घेतली. पुन्हा उजव्यात. दिवाळीपासून ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते. शकुनबाईंना वाटलं होतं, थंडीमुळे असेल.

पुढे आलेले दोघे-तिघे पुन्हा रांगेत सरकले. साहेब मात्र हसला.

"आजोबा, वय झालं की हात थापा मारायला लागतो. पैसे भरा आणि बाजूला व्हा."

शकुनबाई दोन पावलं पुढे आल्या. मघाशी पैसे देऊन टाका म्हणणाऱ्या त्या बाई या नव्हत्याच.

"ओ साहेब, तोंड सांभायून बोला. त्यायचा हात कधी चुकला नाही. सकायी त्यायनं उचलली तवा सातच किलो होती. मागून म्या लाडू कोंबले. दीड किलो. न सांगता."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून नोटा काढून काउंटरवर आपटल्या. मग मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. बोला आता काही, बोलूनच बघा.

चंद्रभानजी त्यांच्याकडे बघत होते. लाडू काल रात्रीच भरले होते, आणि सकाळी बॅग तोलल्यावर तिला सुतळी त्यांनी स्वतः आवळली होती. ती गाठ अजून तशीच होती. कमी-जास्त बोललेलं वजन आजवर त्यांनी कुणाचंच ऐकून घेतलं नव्हतं. साडूचं नाही, की घरच्या बाईचंही नाही.

साहेबाने अपेक्षाला खूण केली. तिने पावती करायला घेतली.

"थांबा," चंद्रभानजी म्हणाले.

शकुनबाईंनी डोळे मिटले.

"दीड नाही," ते म्हणाले, आणि मग शेडमध्ये काढायचे तसा आवाज काढून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "एक किलो चारशे! बाईचे लाडू!"