सगळीकडे शोधलं

आमच्या ऑफिसात एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. जुन्या कोडला हात लावायचा तर आधी तो कुठं कुठं वापरलाय ते सगळ्या रिपॉझिटऱ्यांत, म्हणजे कोड ठेवायच्या कप्प्यांत, शोधायचं, आणि बदलाखाली ‘सगळीकडे शोधलं’ असं लिहायचं. नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर आम्ही अकरा जण बसतो, पण कोडच्या या रिपॉझिटऱ्या आहेत त्र्याहत्तर. कोणी नियम विसरलं की मी असा झापतो, की खाली दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघतं.

मागच्या महिन्यात मी एक ओळ बदलली. तिच्यामुळे गावांची यादी मिळायची, वाड्यावस्त्यांसकट. वस्त्या कोणाला लागत नसाव्यात असं समजून मी त्या वगळल्या. शोधलं होतं, नाही असं नाही. पण ‘बंद पडलेल्या रिपॉझिटऱ्याही’ या चौकटीत टिचकी मारली नाही. तो शोध चार मिनिटं चालतो आणि मला भूक लागली होती. खाली मात्र ठोकून दिलं, ‘सगळीकडे शोधलं’.

पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या लावणारा प्रोग्रॅम नेमका त्या बंद रिपॉझिटऱ्यांतच पडून होता, आणि चालू होता. सांगोल्याकडच्या एका वस्तीला तीन दिवस टँकर गेला नाही. तिथून तक्रार आली.

सोमवारी आमचे मालक अतीकभाई यांनी ती ओळ कोणाची ते काढलं. नाव आलं वैष्णवीचं. मोडनिंबहून रोज एसटीनं येणारी, नोकरीत अजून कायम न झालेली पोरगी. मीच तिला सगळ्या फायलींची मांडणी एकसारखी करायला सांगितली होती, त्यात त्या ओळीलाही तिचा हात लागला. कॉम्प्युटर शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव दाखवतो. एक पायरी मागं गेलं की खरा माणूस सापडतो. मी जागेवर बसून मागं गेलो, माझं नाव पाहिलं आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

“महिनाअखेर तिला कामावरून कमी करू या,” अतीकभाई म्हणाले. “तुमचं काय म्हणणं, उदयभाई?”

“बघू,” मी म्हणालो. एवढी वर्षं लोकांना झापलं, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर बघू. मंगळवारी तिला तसं सांगितलंही गेलं. नंतरचे तीन दिवस मला स्वतःची किळस येत होती. तरी मी गप्प बसलो.

गुरुवारी वैष्णवी खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. “सर, माझीच चूक आसंल. पण ती ओळ कधी बदलली तेच मला आठवंना. जायच्या आधी नीट शोधायला शिकवता का?”

मी शिकवलं. तिनं चौकटीत टिचकी मारली. चार मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. टँकरचा प्रोग्रॅम सापडला.

“आणि ही ओळ माझ्या आधी कशी होती, ते कुटं बघायचं?”

तिला काही संशय नव्हता. अजूनही मला विषय बदलता आला असता. मी बटणावर बोट ठेवून दाखवलं, “हितं दाब.”

पडद्यावर माझं नाव आलं, तारीख आली, खाली माझी टीपही आली. तिनं ते दोनदा वाचलं.

“तुमाला कधी कळलं, सर?”

“सोमवारी.”

मी उठून अतीकभाईंच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं, सोमवारचं ‘बघू’सुद्धा. “पोरगी राहील,” ते म्हणाले. “तुमच्याशी उद्या बोलतो.”

बाहेर वैष्णवी बॅग भरत होती. तिची नोकरी राहिली हे मी सांगितलं, माफीही मागितली.

“काल मी रजा घेतली व्हती ना, सर,” ती चेन लावत म्हणाली, “त्या वस्तीवर गेलते. तक्रार केलेल्या रंभाबाई हायेत तितं. त्यांच्या पाया पडले, चूक माझी म्हणून सांगितलं.”

मला तिच्याकडे बघवेना. “काय म्हणाल्या?”

“काय न्हाय. लई उन्हाचं आलीस म्हणाल्या, आन् तांब्याभर पाणी दिलं.”