हिरवी-पिवळी तार

"आधी फोटो तरी काढून ठेव, डॅड," गेनॉर मोबाइल पुढे करत म्हणाली. "कुठली तार कुठे होती ते नंतर कळायला."

"चाळीस वर्षं मी फोटो काढून कामं केली नाहीत," क्लिफ बूथरॉइड म्हणाला आणि त्यानं स्क्रूवर पेचकस टेकवला.

सकाळचे साडेदहा झाले होते. स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरचा काटा बारावर होता, आणि बापलेक दोघंही घरात कोट घालून उभी होती. क्लिफच्या समोर भिंतीवर ती डबी होती, बॉयलरनं किती वाजता पेटायचं आणि किती वाजता विझायचं हे ठरवणारी. दुकानात तिला प्रोग्रॅमर म्हणतात. या घरात तिचं नाव मुकादम होतं. ते त्याच्या बायकोनं, मेव्हिसनं ठेवलेलं, कारण डबीनं हुकूम सोडल्याशिवाय बॉयलर काडीचं काम करत नसे. मंगळवारी मुकादमानं मान टाकली होती. आज गुरुवार, आणि आज मेव्हिस येणार होती.

येणार होती म्हणजे, घर गरम असेल तर. न्युमोनियानं तिला तीन आठवडे इस्पितळात ठेवलं होतं. चार वाजता अँब्युलन्स तिला आणणार, साडेचारला नर्स येऊन घर पाहणार. अठरा अंशांच्या खाली असेल तर मेव्हिसला तिथूनच म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नेतील, "थोडे दिवस". कीथलीतल्या त्या होममध्ये थोडे दिवस म्हणून गेलेली तीन माणसं क्लिफच्या ओळखीची होती. एकही परत आलं नव्हतं.

"एक वाजता मला वॉर्डात फोन करायचाय," गेनॉर म्हणाली. "होमवाल्यांनी बेड तोवरच धरून ठेवलाय. मेकॅनिक सोमवारशिवाय यायचा नाही म्हणतो. तुला जमेल ना? खरं सांग."

"मेकॅनिक मीच आहे."

ते खोटं नव्हतं. कौन्सिलच्या सरकारी घरांमधली हीटिंगं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. पण आता तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि लेक त्याच्या हातांकडे पाहत नव्हती, चेहऱ्याकडे पाहत होती. गेल्या ख्रिसमसला तो नातीला दोनदा तिच्या आईच्या नावानं हाक मारून बसला होता. तेव्हापासून गेनॉर अशीच पाहायची. क्लिफला ते डोळे नको वाटत.

त्यानं हीटिंगचा फ्यूज काढला आणि पँटच्या उजव्या खिशात टाकला. ही जुनी सवय. फ्यूज आपल्या खिशात असला की आपण तारांना हात घालत असताना दुसरं कुणी बटण दाबू शकत नाही. मीटर लावून वीज नसल्याची खात्री केली, मुकादमाचं तोंड उतरवलं, मागची पट्टी सोडवायला घेतली. अडतीस वर्षांचं प्लॅस्टिक. पेचकस जरा जोरानं फिरला आणि पट्टी कडकन दुभंगली. तारा सगळ्या सुटून भिंतीतून लोंबायला लागल्या.

 गेनॉरनं मोबाइल कोटात ठेवला.

"काही बिघडत नाही," क्लिफ म्हणाला. "नव्या डबीबरोबर नवी पट्टी आलीय, तीच बसवायची होती."

वीज आणणारी केबल सरळ होती. दुसरी केबल वर, पाण्याच्या टाकीच्या कपाटाकडे गेलेली, तिथून पंपाला आणि बॉयलरला. तिच्यात तीन तारा होत्या: तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. हात आपणहून चालले. निळी न्यूट्रलला. हिरवी-पिवळी अर्थिंगला, तिथे विचारच करायचा नसतो. उमेदवारीला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी त्यानं हेच शिकवलं होतं, की हिरवी-पिवळी तार जीव वाचवायला असते, तिच्यातून वीज सोडणारा माणूस खुनी. तपकिरी पंपाला.

मग तो थांबला. बॉयलरला कोण?

तारा त्यानं पुन्हा मोजल्या. एक कमी होती. भिंतीच्या भोकात टॉर्च मारून पाहिलं, बोट घालून पाहिलं, आत धूळ होती आणि एक मेलेली माशी. हे काम त्यानं स्वतःच्या हातांनी केलं होतं, याच भिंतीत, आणि त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. त्यानं कोटाची कॉलर वर ओढली. ही थंडी घरातली नव्हती.

"काय झालं?" गेनॉरनं विचारलं.

"काही नाही. बॉयलरची तार वरून वेगळी घेतली असणार." तसं नव्हतं हे त्यालाही कळत होतं. तरी त्यानं नवा मुकादम पट्टीवर बसवला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. साधा दिवाही लागला नाही.

गेनॉर म्हणाली, "डॅड, फ्यूज."

त्यानं खिसा चाचपला. फ्यूज तिथेच होता. कान तापले. तिच्याकडे पाठ करून त्यानं फ्यूज बसवला. आता दिवा लागला, वरच्या कपाटात पंप गुणगुणायला लागला. दोघंही बॉयलरकडे बघत उभी राहिली. बॉयलर ढिम्म.

एकला वीस मिनिटं कमी होती. क्लिफनं पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा लावलं. तेच. पंप फिरतोय, बॉयलर गप्प. रेडिएटरमध्ये थंड पाणीच थंड पाण्याच्या मागे पळत होतं.

"मी फोन करते," गेनॉर म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच वाईट होतं. "तुझी चूक नाही, डॅड. तू प्रयत्न केलास."

"दहा मिनिटं थांब."

"दहा मिनिटांत काय होणार?"

क्लिफनं पुन्हा टॉर्च उचलला. तिनं नंबर फिरवला, फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. वॉर्डातल्या सिस्टरनं तिकडचा फोन मेव्हिसला दिला.

"मम, घर अजून थंडच आहे गं. डॅडनं डबी बदलली, पण बॉयलर पेटत नाही. मला वाटतं, थोडे दिवस तू..."

"क्लिफ कुठाय?" मेव्हिसचा आवाज पार बसला होता. "त्याला दे."

"इथेच आहे, ऐकतोय," क्लिफ म्हणाला. "मेव्हिस, एक तार कमी पडतेय. पंप फिरतो. बॉयलरची तारच सापडत नाही."

 मेव्हिस म्हणाली, "हिरवी-पिवळी कुठे लावलीस?"

"अर्थिंगला. आणखी कुठे लावणार?"

"ती बॉयलरची आहे, वेड्या."

क्लिफनं ओट्याची कड धरली.

"रविवार होता," मेव्हिस खोकत खोकत म्हणाली. "गेनॉर डांग्या खोकल्यानं निळी पडत होती. तुझ्याकडे तीनच तारांची केबल होती आणि रविवारी दुकानं बंद. तू म्हणालास, आज हिरवी-पिवळीतून वीज सोडतो, पोर गरम राहू दे, उद्या नवी केबल टाकतो. आणि मला बजावलंस, कुणाला बोलू नकोस. कारण शुक्रवारीच तू रेमंडला..."

"हो," क्लिफ घाईनं म्हणाला. "हो. कळलं."

आठवलं. एकदम सगळं आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. रेमंड सग्डन, त्याच्या हाताखालचा एकवीस वर्षांचा फिटर, नुकतंच लग्न झालेला. त्यानं एका म्हातारीच्या घरात तार कमी पडली म्हणून हेच केलं होतं. क्लिफनं शुक्रवारी रिपोर्ट लिहिला, रेमंडची नोकरी गेली. आणि रविवारी क्लिफनं स्वतःच्या घरात तेच केलं. तो उद्याचा सोमवार काही उजाडला नाही. रेमंडनं पुढे बाजारात चिजचा गाळा टाकला. शनिवारी दिसला की हात करायचा. क्लिफही करायचा आणि झटकन पुढे जायचा.

गेनॉर ओट्याशी उभी होती. ते निळं पडलेलं पोर तीच.

"नवी केबल ओढायला आता वेळ नाही," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "आज तीच तार वापरावी लागेल. सोमवारी त्या मेकॅनिककडून बदलून घेऊ. तू स्वतः उभी राहून बदलून घे. माझ्यावर सोडू नकोस."

त्यानं फ्यूज काढून खिशात टाकला. हिरवी-पिवळी सोडवली, वीज असल्याची खूण म्हणून तिच्यावर लाल चिकटपट्टीचे चार वेढे घातले, अडतीस वर्षं उशिरा, आणि ती बॉयलरच्या स्क्रूखाली घट्ट केली. मग कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'हिरवी-पिवळी तार बॉयलरची आहे. तिच्यात वीज आहे. हे चुकीचं काम माझं. सी. बूथरॉइड.' चिठ्ठी डबीत घालून त्यानं तोंड बसवलं. या वेळी फ्यूज विसरला नाही.

बॉयलर धप्प करून पेटला. एकला तीन मिनिटं होती. गेनॉरनं वॉर्डाला सांगितलं की पाठवा, आणि मग पाठ वळवून बराच वेळ नाक शिंकरत राहिली.

साडेचारला नर्सनं थर्मामीटर पाहिला, काटा साडेअठरावर होता. तिनं कुठेतरी खूण केली आणि गेली. मेव्हिस रेडिएटरजवळच्या खुर्चीत होती, ब्लँकेटमधून तिचं नाक आणि चष्मा एवढंच दिसत होतं. क्लिफ तिच्याजवळ स्टुलावर बसला.

"लाल पट्टी लावलीस?"

"लावली. चिठ्ठीही ठेवली, नावासकट." तो थोडा थांबला. "शनिवारी बाजारात जातो. रेमंडला सांगून टाकतो. आता सांगायलाच हवं."

मेव्हिसनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत गेनॉर कप विसळत होती, नळ चालू होता. मेव्हिसनं आवाज खाली आणला.

"रेमंड गेला, क्लिफ. मागच्या मार्चात. आपण दोघं गेलो होतो चर्चमध्ये. तू काळा कोट घातला होतास."

क्लिफ कोट आठवायला लागला. कोट आठवला, चर्च आठवेना.

"मी त्याला सांगितलं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. येताना बसमध्ये तू एक अक्षर बोलला नाहीस."

नळ बंद झाला. मेव्हिसनं ब्लँकेटखालून हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला आणि दाराकडे तोंड करून, जमेल तितक्या मोठ्यानं म्हणाली, "गेनॉर, बापाच्या चहात दोन चमचे साखर घाल गं. आज त्यानं दिवसभर काम केलंय."

क्लिफनं दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. फ्यूज जागेवर होता, घर गरम होत होतं.