सासरे मासा खात नाहीत

"बाबा, एक तुकडा घ्या की," सून ताट पुढे सरकवत म्हणाली.

"नको गं. तू खा. तुला गरज आहे आता."

"रोज मीच खायचा का? एवढी वर्षं मासा कापलात, चव तरी बघा."

"पोट भरलंय," सासरे म्हणाले आणि बटाट्याच्या भाजीवर त्यांनी मान खाली घातली. भाजी अजून अर्धी शिल्लक होती.

सुनेने ताट मागे घेतलं. तिचं डोकं मात्र गप्प बसणाऱ्यातलं नव्हतं. कपड्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. दिवसभर शिवून आलेले शर्ट उलटे करायचे, टाके बघायचे आणि कुठे धागा सुटलेला दिसला की शर्ट परत पाठवायचा, हे तिचं काम. असली नजर घरी येताना फाटकावर काढून ठेवता येत नाही. लग्न झाल्यापासून तिने दूधवाल्याचं माप, घरमालकाचं वीजबिल आणि नवऱ्याच्या मावशीचे अश्रू तपासून पाहिले होते, आणि तिन्हींत खोट निघाली होती.

आता पाळी माशाची होती. गावाबाहेरच्या खाडीत जाळ्यांचे मोठाले पिंजरे होते, त्यांत कंपनी सॅल्मन पाळायची. काठावरच्या शेडमध्ये तो मासा कापला जायचा. सासऱ्यांनी उभं आयुष्य त्या शेडमध्ये घालवलं. सगळे त्यांना सुरीदादा म्हणत, अजूनही म्हणतात. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या टेबलाशी त्यांचा मुलगा उभा राहिला. दर शनिवारी कंपनी प्रत्येक कामगाराला एक मासा घरी द्यायची, त्यामुळे या घरात इतर कशाचीही टंचाई झाली असेल, माशाची कधी झाली नाही. आणि सासऱ्यांनी तो कधी तोंडाला लावला नाही.

लग्नानंतर पहिली दोन वर्षं तिने ते मनावर घेतलं नव्हतं. पण आता सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सॅल्मन खा, बाळाच्या डोक्याला चांगला. आणि ज्याने तो हजारोंनी कापला तो माणूस त्याला हात लावत नव्हता. हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणतात, ते उगीच नाही. त्याला आतलं ठाऊक असतं.

सकाळी नवरा पाळीवर निघताना तिने विचारलं, "अहो, त्या माशांच्या खाण्यात काय काय घालतात?"

"का गं?"

"मासेबाजारात बायका बोलत होत्या. रंग घालतात म्हणे."

"घालतात. मोकळ्या समुद्रातला मासा झिंग्यासारखं बारीकसारीक खातो, त्याने आतून लालसर होतो. आपल्या माशाला ते दाण्यातून द्यावं लागतं. नाहीतर पांढराफटक निघेल, मग कोण घेणार?"

"आणि औषधं?"

"आजारी पडला तर देतात. माणसाला देत नाहीत का?"

"मग बाबा का खात नाहीत?"

नवरा मान खाजवत होता, तो थांबला. "त्यांना आवडत नाही," म्हणाला आणि डबा न घेताच निघाला.

मान खाजवणं हा तिच्या हिशेबी दुसरा पुरावा होता. मासा खाल्ला की नवरा खाजवत बसायचा. विचारलं की म्हणायचा, उकडतंय. तिने मनातल्या मनात सगळा माल परत पाठवून टाकला.

दुपारी कारखान्यातून लवकर सुटून ती बाजारात गेली. मासेवालीकडे दोन्ही तऱ्हेचा सॅल्मन शेजारी शेजारी मांडला होता. पाळलेला गुबगुबीत, मांसात चरबीच्या पांढऱ्या रेघा. मोकळ्या समुद्रातला कोरडा, काटकुळा, रंगाने गडद आणि भाव दुप्पट.

"यात भेसळ नाही ना?" सुनेने मोकळ्याकडे बोट दाखवलं.

"ताई, त्याला कुणी दाणा घातला नाही, पण तो काय खाऊन आला हेही कुणी बघितलं नाही. कधी किडा निघतो त्यात. नीट शिजवा म्हणजे झालं. शिजवून दोन्ही चांगले."

"तुम्ही कुठला खाता?"

"उरलेला," मासेवाली म्हणाली.

सुनेने मोकळा घेतला. त्यात तिचा डाव होता. सासरे हा मासा खातील, मग कंपनीच्या माशात काळंबेरं आहे हे आपोआप सिद्ध होईल. नवऱ्याला तोंडावर विचारता येईल आणि कंपनीची शनिवारची पिशवी दारातूनच परत जाईल.

संध्याकाळी तिने मासा चांगला खरपूस होईतो भाजला. सासऱ्यांच्या ताटात मोठा तुकडा वाढला.

"बाबा, हा कंपनीचा नाही. समुद्रातला आहे. घ्या बिनधास्त."

सासरे खुर्ची मागे सरकवून उठले, खिडकी उघडून तिथेच उभे राहिले. "ताट उचल पोरी. मला नाही चालत."

"हाही नाही?" तिचा आवाज चढला. "मग सरळ सांगा ना काय आहे ते. माझ्या पोटात मूल आहे. मी महिनोन्महिने खातेय, आणि तुम्ही समोर बसून बटाटे चिवडताय."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. हा संशय त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता.

"माशात काही नाही गं. तुझ्या बाळाची शपथ. त्यातही नाही, यातही नाही. खोट माझ्यात आहे."

मग ते थांबत थांबत बोलले. शेडमध्ये यंत्र लागलं की माशाच्या पाण्याचा बारीक फवारा हवेत भरतो. तो वर्षानुवर्षं नाकातोंडात जातो. आधी त्यांचे हात खाजायचे, मग डोळे चुरचुरायचे. एक दिवस घरी जेवताना घास घेतला आणि घसाच मिटला. तेव्हा सासूबाई होत्या; त्यांनी पाठीवर थापट्या मारमारून श्वास परत आणला.

"कंपनीला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. तोंडाला फडकं बांधून काढली पुढची वर्षं. बायको सगळ्यांना सांगायची, यांना आवडत नाही."

सुनेला नवऱ्याचं खाजवणं आठवलं. "आणि ह्यांना ठाऊक आहे हे?"

"त्याला कशाला सांगू? माझ्यासारखं सगळ्यांना थोडंच होतं."

तेवढ्यात नवरा आला. हातपाय धुऊन सरळ जेवायला बसला आणि न बोलता सगळ्यात मोठा तुकडा त्याने ताटात ओढला. सुनेने त्याचं मनगट धरलं. बाही वर केली. कोपरापर्यंत लालभडक चट्टे होते, काही खाजवून सोललेले.

"कधीपासून?"

त्याने बापाकडे बघितलं, मग ताटाकडे. "झालं असेल वर्ष."

"मग खाता कशाला?"

"बाबा खात नाहीत म्हणून तू आधीच घास न् घास उलटून बघतेस. मीही सोडला असता तर तू तोंडाला तरी लावला असतास का? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना."

सासरे खिडकीपासून ताटापाशी आले. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर शेडवर," ते म्हणाले. "तुझं सांगू. माझंही सांगू."

"बाबा, नोकरी..."

"जाऊ दे."

सुनेने नवऱ्याच्या ताटातला तुकडा उचलून आपल्या ताटात घेतला आणि खायला बसली. तिला रडू येत होतं, तरी तिने एकही घास उलटून पाहिला नाही. ताट रिकामं होईपर्यंत बापलेक तिच्याकडे बघत बसून राहिले.