झुलालची गाठ

मी दोर, झुलाल भोईच्या कमरेचा. शिरपूरजवळ तापीकाठी, बासष्ट साली, दोर वळणाऱ्या वनानानांनी अंबाडीच्या वाखाला पीळ देऊन मला वळलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझंही तसंच. नाही तर आज बोलायला उरलो नसतो.

झुलाल नावाडी होता आणि भर धारेत बुडी मारणारा म्हणून नावाजलेला. त्याची तयारी बघावी! आधी मला भिजवायचा, कारण कोरड्या दोराची गाठ पाण्यात फुगते, वेळेला सुटत नाही. माझा एकेक पेड बोटांनी चाचपायचा. काडी सोडून पाण्याची ओढ पाहायचा आणि वरच्या अंगाला बुडी घ्यायचा, म्हणजे धारच त्याला हव्या त्या जागी आणून सोडायची. धारेशी भांडायचं नाही, तिरपं निघायचं, हा त्याचा शिरस्ता.

माझं दुसरं टोक त्याच्या बायकोच्या, धुरपदाबाईच्या हाती असायचं. पाण्यावर तिचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता.

सत्तर सालच्या पुरात एक नाव उलटली. बाकीचे निघाले, गिरधर नावाचा बाजारकरी खाली अडकला. झुलालनं मला कमरेला बांधलं. धुरपदाबाईनं माझं टोक मनगटाला गुंडाळलं.

"मनगटले नको गुंडाळू, धुरपा. पानी तुलेबी ओढी लई जाई."

"लई जाऊ द्या. मी तुमले धरी ठेवसू."

गिरधर वर आला. झुलालही निघालाच होता, तेवढ्यात वाहत आलेली अख्खी बाभूळ माझ्यात गुंतली. मी ताणला गेलो. काठावर धुरपदाबाई चिखलातून घसरत कमरेइतक्या पाण्यात ओढली गेली, पण मला सोडीना. मग एकाएकी मी सैल पडलो. लोकांनी मला वर ओढलं, तर झुलालकडचं टोक रिकामं. तो सापडलाच नाही.

आता मी तिच्या दाराशी खुंटीवर असतो. त्याच्या कमरेची ऊब मला अजून आठवते. रोज दिवेलागणीला ती मला मांडीवर घेते आणि विचारते, "कसा सुटना रे तू?" सुटलास कसा, म्हणते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला तिच्या भाषेत बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तापीकडे गेलं, तर तिला एवढं सांगा: बाई, गाठ आपोआप सुटली नाही. तुझे पाय घसरले ते त्याला माझ्या ताणातून कळलं. मी जीव खाऊन त्याच्या कमरेला आवळून बसलो होतो. दोनदा त्यानं हिसका दिला, मी सुटलो नाही. तिसऱ्यांदा त्यानं मला सोडलं, तू सुटावीस म्हणून.