माझी पितळी पट्टी आणि चष्मेवाला

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ विमान आहे आणि मला एका माणसाचा भयंकर राग आहे. अशा गोष्टीत जन्म आधी सांगतात, हे मला ठाऊक आहे. पण माझा राग काही मागे बसायला तयार नाही. त्या माणसाचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून आपण त्याला चष्मेवाला म्हणू. त्याचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही.

आता जन्म. एका लांबलचक शेडमध्ये मी तयार झालो. एक इंजिन, पुढे एक पंखा आणि एकाच माणसापुरती जागा. वैमानिकाच्या खुर्चीशेजारी एक पितळी पट्टी ठोकली आणि तिच्यावर माझा नंबर कोरला, सातशे तेरा. विमानाचा रंग बदलतो, चाकं बदलतात, इंजिनसुद्धा बदलतं. पट्टी मात्र तीच राहते. ती पट्टी म्हणजेच मी.

युद्धात माझी देखभाल एक मिस्त्री करायचा. तोंडाचा फटकळ, पण हात असा की बिघडलेलं इंजिनही मुकाट्यानं सुरू व्हावं. एकदा गोळ्या लागून माझ्या इंजिनाच्या डाव्या झाकणाची चाळण झाली. नवं झाकण मिळेना. मिस्त्रीनं साधा पत्रा आणला, माझ्याच अंगावर धरून ठोकला, वाकवला, कानशीनं घासला आणि माझ्या मापानं त्याला सतरा भोकं पाडली. वैमानिकानं त्यावर एक चिडलेलं मुंगूस रंगवलं. "हे आता तुझ्याशिवाय कुणाला बसायचं नाही," मिस्त्री म्हणाला. मी आठवडाभर त्या झाकणाच्या तोऱ्यात होतो.

युद्ध संपलं आणि मला एका सरकारी गोदामामागच्या पटांगणात आणून उभं केलं. माझ्या अंगावर, मुंगसासकट, कुणीतरी करडा रंग फासला. कबुतरांनी संसार थाटले. गोदामातली झाडूवाली माझ्या पंख्यावर ओली फडकी वाळत घालायची. ज्याला बघून शत्रू पळायचा, त्याच्यावर फडकी!

अशात एका रविवारी सकाळी चष्मेवाला आला. हातात वही, गळ्यात कॅमेरा. त्यानं माझ्या काचा दुकानातल्या मऊ कापडानं पुसल्या, आत डोकावून पट्टी वाचली आणि त्याचे डोळे भरून आले. "सातशे तेरा! अरे बापरे, सातशे तेरा!" माझी उड्डाणं त्याला तोंडपाठ होती. मी तर साफ पाघळलो. मग तो दर रविवारी यायचा आणि मी शनिवारपासूनच वाट बघायचो. एकदा त्याची बायको डबा घेऊन आली आणि करवादली, "आठवडाभर काचाच पुसता, रविवारीही काचाच! याच्याशीच लग्न करायचं होतंत!" तेव्हा मला हसू आलं होतं. आज त्या बाईची दया येते.

कारण मग त्याचा हात खिशाकडे जायला लागला. आधी एक स्क्रू. "आठवण म्हणून," तो मला म्हणाला. मग घड्याळ. मग होकायंत्र. प्रेमानं नेतोय, नेऊ दे, असं मी मनाला समजावलं. आणि एका रविवारी तो ड्रिल घेऊन आला आणि माझी पितळी पट्टी काढून घेतली. काढताना तो चक्क शीळ घालत होता.

घरी त्यानं मोडक्या तुकड्यांतून माझ्याच जातीचं एक विमान जुळवलं होतं. सगळं जमलं होतं, फक्त त्याला ओळख नव्हती. ती त्यानं माझ्याकडून उचलली.

पुढे नवीन संग्रहालय ठरलं. वर छप्पर, खाली फरशी. पण एका जातीचं एकच विमान आत जाणार, दुसरं भंगारात कापणार. अधिकारी बाई यादी घेऊन आल्या. त्यांनी जाणकार म्हणून चष्मेवाल्याला विचारलं. तो माझ्या पंखावर हात टेकून म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या कुठल्या तुकड्यांचं जोडकाम आहे. पट्टीच नाही याला. खरं सातशे तेरा माझ्याकडे आहे." मित्रांनो, त्या वेळी माझ्या टाकीत पेलाभर जरी इंधन असतं ना, तर मी त्याला पंख्याच्या वाऱ्यानं कुंपणाबाहेर फेकलं असतं!

ठरलेल्या दिवशी त्याचं चकचकीत विमान गाडीवरून आलं आणि माझ्या शेजारी उतरलं. मला कापायला गॅसकटरवाला आला. टाक्या कुठे आहेत हे दाखवायला त्यांनी एक म्हातारा शोधून आणला होता. तो माझा मिस्त्री! काठी टेकत तो माझ्याभोवती फिरला आणि खडूनं खुणा करायला लागला. करड्या रंगाखाली त्यानंही मला ओळखलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

इथे चष्मेवाल्याला हाव नडली. "मॅडम, एक मिनिट. रंगाखाली मुंगूस असलेलं हे झाकण मूळचं माझ्या विमानाचं. कुणीतरी चुकून याला लावलंय." त्यानं झाकण सोडवलं आणि आपल्या विमानाला लावायला गेला. पहिलं भोक जुळलं. दुसरं दोन बोटं लांब. त्यानं गुडघ्यानं दाबलं, मुठीनं ठोकलं, घामाघूम झाला. पुस्तकं सगळी वाचली होती, पण असे पत्रे हातानं बसवतात, हे बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. झाकण सटकलं आणि थेट त्याच्या अंगठ्यावर पडलं. "आई गं!" ते मी पाडलं नाही. पाडता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मिस्त्री काठी टेकत आला. "अहो, गुडघ्यानं काय बसवताय? घोडा आहे का तो?" त्यानं झाकण उलटं केलं आणि हातोडीच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग कटरवाल्याच्या मदतीनं झाकण माझ्याकडे आणलं. सतराच्या सतरा स्क्रू नुसत्या बोटांनी आत गेले. मिस्त्रीनं माझ्या नाकावर थाप मारली. "तू होय रे गाढवा! आणि मी तुझ्यावर खडू ओढत होतो!"

"थोडंफार इकडेतिकडे होतंच, मॅडम," चष्मेवाला पुटपुटला.

"पट्टी कुठून आणलीत?" बाईंनी विचारलं.

त्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला. उत्तर गाडीतून त्याच्याबरोबर आलेल्या बायकोनं दिलं. "इथूनच आणली. घड्याळ, होकायंत्र, स्क्रू, सगळं आमच्या कपाटात आहे. घेऊन जा एकदाचं."

पट्टी माझ्याकडे परत आली. त्याचं विमान आल्या गाडीनं घरी गेलं. ते कापलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी छपराखाली उभा आहे. भोवती जाड दोरी आहे. चष्मेवाला अजूनही दर रविवारी येतो, तिकीट काढून, रांगेत उभा राहून. त्याचा हात जरा पुढे आला की रखवालदार ओरडतो, "दोरीच्या मागे, साहेब!" ते ऐकायला मी आठवडा काढतो.

परवा तो रखवालदाराला म्हणाला, "डाव्या चाकातली हवा कमी झालीय. सगळा भार त्या बाजूला येतोय, पाय वाकेल. मला फक्त दोन मिनिटं द्या."

"दोरीच्या मागे, साहेब!"

मित्रांनो, तो खरं बोलत होता. चाक बसतंय, मला रोज जाणवतं. रोज शेकडो माणसं बघून जातात, पण कळलं फक्त त्याला. तरी त्याच्या हातून हवा भरून घेण्यापेक्षा मी लंगडा झालो तरी चालेल. म्हणून तुम्हाला विनवतो. जुन्या वस्तूंवर माया करा, पण त्यांचं काही खिशात घालू नका. आणि इथे आलात तर रखवालदाराला माझ्या चाकाचं तेवढं सांगा. तुमचं तुम्हालाच दिसलं, असं सांगा. त्याचं नाव निघता कामा नये.