सुमंगलाताईंचा स्वॅप

मुळगावच्या बायकांनी गाळ उपसून पडीक मळीत पुन्हा भातशेती पिकवली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं, असं सुमंगला गावस यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी त्या कामाची फिल्म करायचं मनावर घेतलं.

सुमंगला आधी डिचोलीच्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरी बंद झाली तशा त्या गावातल्या बचतगटात आल्या. डोंगरावरून पावसात उतरलेला लाल गाळ खालच्या मळ्यांत वर्षानुवर्षं साचला होता. गटानं तो घमेल्यांनी काढला, बुजलेला पाट मोकळा केला आणि वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर होणारं, भात लावलं. या सगळ्यात सुमंगलाताई पदर खोचून चिखलात उभ्या असायच्या आणि मधेच हात पुसून मोबाइलवर चित्रण करायच्या.

"गे सुमंगल, आधी घमेला उचल, फोटो मागीर!" गटाची प्रमुख विनिता ओरडायची. ते ओरडणंही चित्रणात आलं होतं.

आता गटाला शेजारच्या मळ्या साफ करायच्या होत्या. पण त्यांचे मालक कचरत होते. बायकांकडून हे होणार नाही, पहिल्या वेळी नशिबानं जमलं, असं कोणी कोणी बोललंही होतं. रविवारी ग्रामसभा होती. तिथं फिल्म दाखवायची असं ठरलं आणि सुमंगलाताईंनी शब्द दिला.

शनिवारी सकाळी उंडे पाव आणि पातळ भाजी खाऊन त्या लॅपटॉपसमोर बसल्या. लॅपटॉप भाच्याचा, प्रज्योतचा. बंगळूरला नोकरीला जाताना त्यानं त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली घालून तो मावशीला देऊन टाकला होता. चित्रणाचे तुकडे जोडून झाले होते. आता अखंड फिल्म तयार करायची, एवढंच उरलं होतं. त्यांनी बटण दाबलं. हिरवी पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली, माऊस जागीच अडकला आणि थोड्या वेळानं प्रोग्राम काही न बोलता नाहीसा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

त्यांनी प्रज्योतला फोन लावला.

"मावशी, टर्मिनल, ती आज्ञा लिहायची खिडकी, उघड आणि 'फ्री' लिही. काय दिसतं?"

"वर मेमरी आहे, दोन जीबीच्या आसपास. खाली स्वॅप म्हणून ओळ आहे. तिथं शून्य, शून्य, शून्य."

"तेच तर. मेमरी भरली की लिनक्सला सामान ठेवायला दुसरी जागा नाही. मग ते सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रामच बंद करून टाकतं. तुमचं खळं भरलं की उरलेल्या पेंढ्या कुठे ठेवता?"

"बांधावर."

"हं. तसा डिस्कचा एक तुकडा राखून ठेवायचा, त्याला स्वॅप म्हणतात. सावकाश चालतं, पण काम अडत नाही. तू असं कर, फाइली मला पाठव. मी इथून फिल्म करून देतो."

"एवढं सगळं पाठवायला इथं रेंज आहे का? आणि असती तरी नको. तू सांग, मी करते."

"मावशी, त्या आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं द्यायच्या असतात. एखादं अक्षर चुकलं तर..."

"मी आयुष्यभर टायपिंग केलंय रे. अक्षर चुकायला मी काय आजची आहे?"

तो हसला आणि मेसेजमध्ये एकेक पायरी लिहून पाठवतो म्हणाला. सुमंगलाताईंनी आधी सगळं चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग डिस्कवर जागा किती उरली आहे ते बघितलं. पुरेशी होती. चार जीबीची फाइल बनवायची आज्ञा त्यांनी दिली. फाइल झाली. तिला स्वॅपचं रूप देणारी दुसरी आज्ञा दिली, तर पडद्यावर इशारा आला: ही फाइल कोणालाही वाचता येते आहे. ते कसं दुरुस्त करायचं हेही खालीच लिहिलं होतं. प्रज्योत घाईत ही पायरी विसरला होता. त्यांनी त्याला विचारलं नाही. दाखवलं होतं तसं लिहून फाइलला कुलूप घातलं. मग स्वॅप चालू केला आणि परत 'फ्री' लिहिलं.

शून्याच्या जागी चार जीबी!

"अहो, इकडे या," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. गोकुळदास मुरगाव बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. पडद्यावरच्या आकड्यांकडे त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"म्हणजे आता वजन पेलणार?"

"पेलायलाच पाहिजे."

फिल्म तयार करणं पुन्हा सुरू झालं. डिस्क गुरगुरू लागली. मात्र अर्ध्यावर पोचण्याआधीच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे पडदा काळा.

लाइट आली, तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यांनी लॅपटॉप चालू केला, फिल्म सुरू केली. अर्ध्याच्या पुढे पट्टी गेली आणि प्रोग्राम पहिल्यासारखाच गायब.

सुमंगलाताईंनी पुन्हा प्रज्योतला फोन लावला. तो लागेना. क्षणभर वाटलं, विनिताला सांगावं, नाही जमत. मग त्यांनी स्वतःलाच म्हटलं, आधी बघू तरी. 'फ्री' लिहिलं. स्वॅप शून्य.

फाइल तपासली. ती जागच्या जागी होती.

म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. लॅपटॉप बंद होऊन उठला, तो स्वॅप चालू करायचंच विसरला होता. मग त्याला कायमचं सांगून ठेवायची सोय असणारच. मोबाइलवर शोधलं, दोन-तीन ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली सापडली: सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे लिनक्स एका फाइलमधून वाचतं, स्वॅपची ओळ तिथं घालायची. आणि सगळीकडे ताकीद, या फाइलमध्ये चूक झाली तर यंत्र उठणार नाही.

त्यांनी आधी त्या फाइलची नक्कल करून ठेवली. शेवटी एक ओळ लिहिली. ती ओठ हलवत परत वाचली, एकेक शब्द, मधल्या जागांसकट. लगेच लॅपटॉप बंद करायचं धाडस केलं नाही. आधी त्या ओळीवरूनच स्वॅप चालू करून बघितला. झाला. मग मात्र मुद्दाम लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

"कशाला गे हात लावतेस, चालतंय ना?" गोकुळदास पेजेची वाटी घेऊन आले होते.

"उद्या सभेत चालणार का, ते आजच कळायला हवं."

लॅपटॉप उठला. चार जीबी जागच्या जागी होते. सुमंगलाताई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांना हसूच आलं. पेज त्यांनी तिथंच बसून प्यायली.

या खेपेस फिल्म करायला लावून त्या पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत आकडे बघत राहिल्या. मेमरी काठोकाठ भरली, तसा स्वॅपचा आकडा हळूहळू चढू लागला. पट्टी अर्ध्यावर पोचली, तिथं रेंगाळली, पुढे सरकली. त्यांनी श्वास सोडला. दिवेलागणीच्या सुमारास फिल्म पूर्ण झाली.

प्रज्योतचा फोन आला तेव्हा तो गडबडीतच होता. "सॉरी मावशी, प्रवासात होतो. एक राहिलं बघ, ती कायमची ओळ..."

"घातली."

"कोणी?"

"घरात टायपिस्ट एकच आहे."

मग तो म्हणाला, "मावशी, मी पहिल्यांदा केलं तेव्हा लॅपटॉप उठलाच नव्हता. मी सोमवारी ऑफिसात सगळ्यांना सांगणार."

"सांग. नावासकट सांग."

रविवारी पंचायतीच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. भिंतीवर फिल्म सुरू झाली. लाल गाळानं भरलेली मळी दिसली, घमेल्यांची रांग दिसली, विनिताचं ओरडणं ऐकू आलं आणि सगळे हसले. गटातल्या पद्मावतीआजी पाटातला शेवटचा दगड पहारीनं हलवताना दिसल्या आणि पाणी खळाळत शेतात शिरलं, तेव्हा मागे बसलेले उभे राहून बघू लागले. पुढच्या चित्रात भात पोटरीला आलं होतं.

दिवे लागले. मळीचे एक मालक शंभू परब उभे राहिले. याच गृहस्थांनी नशिबाची गोष्ट काढली होती.

"पाटाच्या पलीकडची मळी माझी," ते म्हणाले. "घ्या साफ करायला. पण माझ्या मळीची पण अशीच फिल्म व्हायला पाहिजे."

टाळ्या पडल्या. विनिता उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "फिल्म सुमंगलनं केली. लॅपटॉप बंद पडत होता, तोही तिनंच चालवला. ऊठ गे, तोंड दाखव!"

सुमंगलाताई उठल्या. एरवी त्या अशा वेळी पदराआड हसल्या असत्या. आज त्या सरळ उभ्या राहिल्या आणि टाळ्या थांबेपर्यंत बसल्या नाहीत.